वकिलाच्या बोटातली सुतळी

लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये तेव्हा वरिष्ठ न्यायालये भरत. तिथे एक वकील होता. हातात सुतळीचा तुकडा असल्याशिवाय तो कधी युक्तिवादाला उभा राहत नसे. बोलता बोलता ती सुतळी तो कधी अंगठ्याला गुंडाळी, कधी बोटाला, आणि तिच्या वेढ्यांबरोबर त्याचे बोलणे पुढे सरके. एकदा त्याच्याच एका अशिलाला चेष्टा सुचली. ऐन युक्तिवादात त्याने ती सुतळी हळूच लांबवली. वकिलाचे बोलणे खुंटले आणि चेष्टा करणाऱ्याचाच दावा बुडाला.

ही आठवण निबंधकार जोसेफ ॲडिसनने १७१२ साली ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात सांगितली. तिच्यामागे त्याची एक तक्रार होती. आपले वक्ते लाकडासारखे उभे राहतात, असे त्याचे म्हणणे. इंग्लंडमधला धर्मोपदेशक जगातले उत्तम प्रवचन देईल, पण ते देताना बोटसुद्धा हलवणार नाही. न्यायालयात आणि सभेतही हीच गत. जगण्यामरण्याच्या गोष्टीही इंग्रज थंडपणे बोलतो. ॲडिसनने त्याच्यासमोर राफाएलचे चित्र ठेवले. त्यात अथेन्सच्या लोकांपुढे बोलणाऱ्या सेंट पॉलचे दोन्ही हात वर उचललेले आहेत.

अशिलाच्या त्या चेष्टेला ॲडिसनने जो शब्द वापरला तो ‘जेस्ट’. हातांच्या हालचालीला इंग्रजीत ‘जेस्चर’ म्हणतात. हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत, आणि सुतळी चोरणाऱ्याला किंवा ती गमावणाऱ्याला याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. लॅटिनमध्ये ‘गेरेरे’ असे क्रियापद आहे. वाहणे, अंगावर धारण करणे, एखादे काम पार पाडणे असे त्याचे अर्थ. पार पाडलेल्या गोष्टी, म्हणजे पराक्रम, त्या ‘गेस्टा’. फ्रेंचमध्ये त्यावरून वीरगाथेला ‘जेस्त’ म्हणू लागले. इंग्रजीत आल्यावर गाथेची गोष्ट झाली, गोष्टीची टवाळ गोष्ट झाली आणि शेवटी नुसती थट्टा उरली. आपल्याकडे शाळेत हजेरीला आणि सोसायटीत वर्गणीला लागणारे ‘रजिस्टर’ याच मुळातून आले आहे. ‘डायजेस्ट’ही त्यातलाच आणि ‘सजेस्ट’ही.

‘जेस्चर’ इंग्रजीत पंधराव्या शतकात आला. तेव्हा त्याचा हाताशी खास संबंध नव्हता. माणूस आपले अंग कसे वागवतो, उभा कसा राहतो, बसतो कसा, ती सगळी ठेवण म्हणजे जेस्चर. मनातले सांगण्यासाठी केलेली एखादी विशिष्ट हालचाल हा अर्थ सोळाव्या शतकात पक्का झाला.

त्याआधी इंग्रज हातांनी काही सांगत नव्हते असे मुळीच नाही. त्यासाठी त्यांच्याकडे घरचे शब्द होते, आणि त्यांची जडणघडण फार सुंदर आहे. हाताने किंवा मानेने जवळ बोलावणे याला ‘बेकन’ म्हणतात. डोंगरमाथ्यावर पेटवायच्या इशाऱ्याच्या आगीचे नावही जवळपास तेच, आणि दोन्हींचे मूळ ‘खूण’ या अर्थाच्या एकाच जुन्या शब्दात आहे. १५८८ साली स्पेनचे आरमार आले तेव्हा इंग्लंडच्या किनाऱ्यावर टेकडीमागून टेकडी अशा आगी पेटल्या होत्या. आई अंगणातून मुलाला हात करते आणि टेकडी टेकडीला आग दाखवते, या दोन्ही गोष्टी त्या भाषेने एकाच जातीच्या मानल्या. हात हलवण्याचा ‘वेव्ह’ हाही जुना देशी शब्द. समुद्राच्या लाटेला पूर्वी त्याच्याशी मिळताजुळता, पण वेगळा शब्द होता. सोळाव्या शतकात तो मागे पडला आणि हाताचा शब्द पाण्याला लागला. आज इंग्रजी वाचणाऱ्याला वाटते की हात लाटेसारखा हलतो म्हणून त्याला वेव्ह म्हणतात. झाले होते ते उलट.

‘मोशन’ हा मात्र लॅटिनमधून आलेला पाहुणा. शेक्सपिअरच्या काळात कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाला मोशन म्हणत. संसदेत मांडायचा ठराव हाही मोशनच, कारण तो सभागृहाला हलवतो. पुढे त्याचे क्रियापद झाले आणि इंग्रजी कादंबऱ्यांत यजमान पाहुण्याला खुर्चीकडे ‘मोशन’ करू लागला. मराठी माणूस हे वाक्य बांधताना हालचालीपासून सुरुवात करत नाही. तो म्हणतो, ‘त्याने खुणेनेच बसायला सांगितले.’ आपल्याला आधी खूण दिसते, मग हात.

हातांची शिस्त इंग्रजांनी शिकली ती रोमनांकडून. पहिल्या शतकात स्पेनमधून रोमला आलेल्या क्विंटिलियनने वक्तृत्वावर बारा खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यातल्या अकराव्या खंडात वक्त्याच्या हातांचे बारकाईने वर्णन आहे. हात डोळ्यांच्या वर जाऊ नये आणि छातीच्या खाली उतरू नये. हालचाल डावीकडून सुरू व्हावी आणि उजवीकडे थांबावी. डाव्या हाताने एकट्याने काही सांगू नये. वक्त्याने नटासारखे किंवा नर्तकासारखे तर मुळीच करू नये. तरीही याच क्विंटिलियनला हात हे शरीराच्या इतर भागांपेक्षा वेगळे वाटतात. इतर अवयव बोलणाऱ्याला साथ देतात, हात जवळजवळ स्वतःच बोलतात, असे तो सांगतो. मग हात काय काय करतात त्याची यादी देतो. मागतात, वचन देतात, बोलावतात, निरोप देतात, धमकावतात, विनवतात. रोममध्ये हातांचे मोल किती होते हे कळायला सिसरोचा शेवट पुरेसा आहे. इसवी सनापूर्वी ४३ साली त्याला मारल्यावर अँटनीच्या हुकमाने त्याच्या शिरासोबत हातही छाटून आणले, आणि जिथून तो भाषणे करी त्याच व्यासपीठावर ते टांगले.

क्विंटिलियनची ती यादी पंधराशे वर्षांनी फ्रान्समध्ये निबंधकार मोंतेनच्या हाती पडली आणि वाढली. मोंतेनकडून ती इंग्लंडमध्ये आली, तेव्हा तिला जॉन बल्वर नावाचा लंडनचा वैद्य भेटला.

बल्वरला आज फारसे कुणी वाचत नाही आणि ही खेदाची गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांचे युद्ध पेटलेले असताना, १६४४ साली, या माणसाने हातांच्या बोलण्यावर जोडग्रंथ छापला. पहिला भाग ‘कायरोलोजिया’, हातांची निसर्गाने दिलेली भाषा. दुसरा ‘कायरोनोमिया’, वक्तृत्वात त्या हातांना लावायचे वळण. प्रेरणा तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनची होती. हावभाव ही क्षणभर दिसून पुसली जाणारी चित्रलिपी आहे, असे बेकनने म्हणून ठेवले होते. बल्वरने ती लिपी पकडायची ठरवली. एकेका मुद्रेला नाव दिले, तिचा अर्थ लिहिला, बायबलमधून आणि इतिहासातून दाखले जोडले आणि हातांच्या चित्रांचे तक्ते छापले. आपण हातांनी काय काय करतो हे सांगायला बसल्यावर त्याने एका दमात शंभरावर क्रियापदे ओतली. विनवणे, बोलावणे, भुलवणे, नाकारणे, शपथ घेणे, सौदा करणे, हिणवणे, आशीर्वाद देणे, क्षमा करणे. ते पान वाचताना धाप लागते. ‘समानार्थी शब्द’ हे नाव त्या यादीला पुरे पडत नाही, कारण त्यात एकाही शब्दाचा अर्थ दुसऱ्यासारखा नाही. सगळ्यांत समान आहे तो फक्त हात.

बल्वरचा कान पुस्तकांइतकाच बाजाराकडेही होता. स्मिथफील्डच्या जनावरांच्या बाजारात सौदा पटला की विकणारा आणि घेणारा एकमेकांच्या तळहातावर टाळी देत. इंग्रजीत सौदा आजही ‘मारला’ जातो, त्यात ती टाळी शिल्लक आहे. महाराष्ट्रातल्या गुरांच्या बाजारात याच कामाला दुसरी रीत होती. दोन व्यापारी रुमालाखाली हातात हात घालत आणि बोटे दाबून भाव ठरवत. भोवतीच्या माणसांना कापडाची हालचाल दिसे, आकडा कळत नसे. याला हत्ता म्हणत. स्मिथफील्डची टाळी चारचौघांना साक्षीला घेई, तर हत्त्यात साक्ष फक्त दोन हातांचीच. शेतमालाच्या नियंत्रित बाजारात उघड लिलाव सक्तीचा झाला तो शेतकऱ्यालाही भाव ऐकू यावा म्हणून, आणि ते योग्यच झाले.

बल्वर पुढे बहिऱ्यांकडे वळला. १६४८ साली त्याने ‘फिलोकोफस’ लिहिले. बहिऱ्या माणसाला शिकवता येते, तो ओठांवरून बोलणे वाचू शकतो आणि हातांनी विचार मांडू शकतो, असे आग्रहाने सांगणारे हे इंग्रजीतले पहिले पुस्तक. हात स्वतःच बोलतात हे क्विंटिलियनचे वाक्य वक्त्यांसाठी होते. बल्वरने ते ज्यांना खरोखर हातांनीच बोलायचे होते त्यांच्यापर्यंत नेले. सतराव्या शतकातल्या एका वैद्याकडून याहून मोठ्या गोष्टीची काय अपेक्षा करायची?

त्याच शतकात हात न हलवणे हाही गुन्हा ठरू शकत होता. १६७० साली क्वेकर पंथाचे विल्यम पेन आणि विल्यम मीड यांना लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात उभे केले. देवाखेरीज कुणापुढे टोपी काढायची नाही असा या पंथाचा नेम. दोघे आत आले तेव्हा त्यांच्या टोप्या आधीच कुणीतरी काढून घेतल्या होत्या. न्यायासनावरून हुकूम झाला की त्या पुन्हा डोक्यावर घाला. घातल्यावर, त्या काढल्या नाहीत म्हणून दोघांना प्रत्येकी ४० मार्क दंड झाला. डोक्याकडे न गेलेल्या हाताची ही किंमत.

अठराव्या शतकात इंग्रजांचे हात कोटाच्या आत गेले आणि शब्दकोशाने त्यावर शिक्का मारला. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘जेस्टिक्युलेट’ हा शब्द आहे. मुळात तो जेस्चरचाच धाकटा भाऊ, लॅटिनमधल्या ‘छोटा हावभाव’ या रूपावरून आलेला. जॉन्सनने त्याचा अर्थ दिला तो विदूषकी चाळे करणे असा. इथे दोन शब्दांची वाट वेगळी झाली. शोभणारी, मोजकी हालचाल म्हणजे जेस्चर. जास्त झाली, पाहणाऱ्याला खटकली, की जेस्टिक्युलेशन. मराठीत ‘हावभाव’ आणि ‘हातवारे’ यांच्यात असाच काहीसा फरक आहे. ‘तो हातवारे करत बोलत होता’ या वाक्यात बोलणाऱ्याविषयीची थोडी नापसंती आपोआप येते.

जॉन्सन प्रत्यक्ष आयुष्यातही असाच होता. त्याचा चरित्रकार बॉसवेल याने लिहून ठेवले आहे की एक गृहस्थ आपले म्हणणे ठसवण्यासाठी हात हलवत होता, तेव्हा जॉन्सनने त्याचे दोन्ही हात पकडले आणि खाली दाबून धरले. पण त्याच्या मित्रांनी त्याचे स्वतःचे जे वर्णन केले आहे ते वाचून मन गलबलते. त्याचे डोके हले, अंगाला झोके बसत, हातपाय मनाविरुद्ध वळत. आजचे काही डॉक्टर त्यात टुरेट विकाराची लक्षणे पाहतात. ज्याचे स्वतःचे शरीर कधी स्थिर राहिले नाही त्याला दुसऱ्याचे हात स्थिर हवे होते. कोशातला तो कडक अर्थ याच माणसाच्या लेखणीतून उतरला आहे, हे विसरून तो वाचता येत नाही.

शतक उलटताना डब्लिनमधल्या एका शिक्षकाने बरोबर उलट टोक गाठले. गिल्बर्ट ऑस्टिन हा धर्मोपदेशकही होता, आणि १८०६ साली लंडनमध्ये निघालेल्या त्याच्या ‘कायरोनोमिया’ने संगीताच्या नोटेशनसारखी हातांची लिपी मांडली. वक्त्याभोवती एक काल्पनिक गोल धरायचा. हात खाली, समोरच्या पातळीत की वर, आणि शरीराच्या आडवा, समोर, तिरका, बाजूला की मागे, प्रत्येकाला एक अक्षर. ही अक्षरे कवितेच्या ओळींवर लिहायची, म्हणजे कुठल्या शब्दाला हात कुठे असावा ते ठरले. गे या कवीची कंजूष माणसावरची एक बोधकथा त्याने अशी आद्यंत लिहून दाखवली. सॅरा सिडन्स या थोर नटीच्या उभे राहण्याच्या आकृत्याही त्यात आहेत. लहान मुलांना या पद्धतीने घोकवले तेव्हा त्यांचे हात बाहुल्यांसारखे झाले असतील, अशी शंका येते. पण रंगभूमीच्या इतिहासासाठी ऑस्टिनने जे जपले ते दुसऱ्या कुणी जपले नव्हते.

पीटर मार्क रॉजेट हाही वैद्यच. १८५२ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्याने इंग्रजी शब्दांचा तो कोश छापला ज्याने ‘थिसॉरस’ हे नाव घरोघरी नेले. शब्द अक्षरांप्रमाणे न लावता अर्थाप्रमाणे लावायचे, १००० मथळ्यांखाली. गतीचे शब्द त्याने ‘अवकाश’ या विभागात ठेवले. पण मान हलवणे, डोळा घालणे, खांदे उडवणे, बोलावणे हे सगळे गेले ‘बुद्धी’च्या विभागात, कल्पनांच्या देवाणघेवाणीखाली, ‘निदर्शन’ या मथळ्यात. म्हणजे हात हलला तर ती गती, पण कुणासाठी हलला तर तो विचार. चाकाचे आरे उभ्या फटींतून पाहिले की ते वाकडे का दिसतात यावर त्याने १८२४ साली रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला होता. हालचाल आणि तिचा भास यांतला फरक तो जाणून होता.

हातांवरची ती जुनी नापसंती पुढे माणसांवर उलटली. जास्त हातवारे करतो तो दक्षिणेकडचा, परका, खालचा, अशी एक समजूत युरोपभर होती. नेपल्सच्या आंद्रेआ दे योरिओने १८३२ सालीच तिला उत्तर दिले होते. हा धर्मगुरू तिथल्या संग्रहालयात काम करी. प्राचीन भांड्यांवरची चित्रे समजून घ्यायची तर नेपल्सच्या रस्त्यावरच्या माणसांचे हात पाहा, असे त्याने एका जाड ग्रंथात दाखवले. ज्यांना पाहुणे हसत त्यांच्या बोटांत त्याला ग्रीकांचा वारसा दिसला.

खरा निकाल लागला न्यूयॉर्कमध्ये. हातवारे रक्तातून येतात, असे नाझी लेखक लिहीत होते. अर्जेंटिनाहून आलेल्या डेव्हिड एफ्रॉनने मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसच्या हाताखाली याचा अभ्यास केला आणि १९४१ साली पुस्तक काढले. पूर्व युरोपातून आलेले ज्यू आणि दक्षिण इटलीतून आलेले लोक कसे बोलतात ते त्याने आणि चित्रकार स्टायव्हसंट व्हॅन व्हीन याने प्रत्यक्ष पाहून टिपले. ज्यूंचे कोपर अंगालगत, बोटांनी हवेत विचाराची वाट रेखाटणारे, समोरच्याच्या कोटाला हात घालणारे. इटालियनांचे हात खांद्यापासून मोकळे. पण अमेरिकेत मिसळून गेलेल्या त्यांच्या वंशजांमध्ये हा फरक जवळजवळ पुसला गेला होता. मोहल्ला बदलला तसे हात बदलले.

एव्हाना इंग्रजीत ‘जेस्चर’ला आणखी एक अर्थ आला होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, मोठ्या मनाने केलेली किंवा केवळ दिखाऊ अशी कृती, या अर्थाने तो वर्तमानपत्रांत दिसू लागला. त्याला फ्रेंचमधल्या ‘बो जेस्त’ची साथ मिळाली. याच नावाची कादंबरी १९२४ साली पी. सी. रेन याने लिहिली. चोरीचा आळ स्वतःवर घेऊन फ्रेंच परदेशी फौजेत जाणाऱ्या तरुणाची ती कथा. हा रेन पूर्वी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होता, कराचीच्या शाळेत त्याने मुख्याध्यापकी केली. मराठी घरांत त्याचे नाव वेगळ्या कारणाने माहीत आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यावर इंग्रजी शिकल्या, त्या ‘रेन अँड मार्टिन’ व्याकरणातला रेन तो हाच.

मराठीतही एका शब्दाने असाच प्रवास केला आहे. अरबीतून फारसीमार्गे आलेला ‘इशारा’ म्हणजे मूळची नुसती खूण, डोळ्याची किंवा बोटाची. आज हवामान खाते इशारा देते, सरकार इशारा देते, मोर्चेकरी आंदोलनाचा इशारा देतात. हात कुठेच दिसत नाही, धोका तेवढा उरला. इंग्रजी जेस्चर कृतीकडे गेला, मराठी इशारा धमकीकडे.

हातातून शब्द कसा निघतो हे पाहायचे तर इंग्लंडच्या घोड्यांच्या शर्यतींकडे जावे लागते. तिथे बुकींसाठी काम करणारी ‘टिक-टॅक’ माणसे असत. गर्दीतून लांबूनही दिसावेत म्हणून हातात पांढरे मोजे. मैदानाच्या एका टोकाचा भाव दुसऱ्या टोकाला पोचवायचा तो हातांनी, क्षणार्धात. मनगटाला हात लावला की पाचास चार. कानाला लावला की सहास चार. खांद्याला सातास चार, डोक्यावर ठेवला की नवास चार. हे इतके रुळले की बुकी तोंडानेही भाव तसाच बोलू लागले. ‘रिस्ट’ म्हणजे पाचास चार, ‘इअरहोल’ म्हणजे सहास चार, ‘टॉप ऑफ द हेड’ म्हणजे नवास चार. मोबाइल फोन आले तशी ती माणसे मैदानावरून दिसेनाशी झाली आणि पांढरे मोजेही गेले. बुकींच्या बोलीत मात्र पाचास चार अजून मनगटच आहे.